गोणपाटात गुंडाळलेला रूळ

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. अख्खा नाही, दीड हात लांबीचा तुकडा. वलगावहून परतवाड्याकडे निघालं की रस्त्याच्या डाव्या अंगाला कापसाचं एक जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, लागतं. त्याच्या फाटकाशी कडुनिंब आहे आणि त्याच्या जाड फांदीला मी साखळीने टांगलेला आहे. शेजारी एक लोखंडी दांडका लोंबतो. त्याने मला हाणलं की मी ओरडतो. कुणी हाणलं नाही तर मला ओरडता येत नाही, आणि माझं सगळं दुखणं तेच आहे. मला दिसतं सगळं, कळतंही बरंच, पण दुसऱ्याने हात उचलल्याशिवाय माझ्या तोंडून चकार शब्द निघत नाही. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

माझा जन्म भट्टीतला. आगीतून आलो म्हणून आगीची मला ओळख आहे, आणि ओळख आहे म्हणूनच भीतीही आहे. तरुणपणी मी आपल्या वऱ्हाडातल्या एका छोट्या गाडीच्या मार्गावर पडून होतो. गाडी इतकी सुस्त की एकदा एक म्हातारा खाली उतरला, बोरं वेचली आणि पुढच्या स्टेशनावर गाडीच्या आधी जाऊन बसला. थोडी फेकाफेक आहे यात, पण फार नाही. पुढे तो मार्ग दुरुस्त करताना मला कापून बाजूला टाकलं आणि मी परतवाड्याच्या भंगारात पोचलो. तिथून जिनिंगच्या जुन्या शेठने मला उचललं, एक भोक पाडलं आणि या झाडाला टांगलं.

सुरुवातीला माझा मोठा मान होता. मी वाजलो की दिवस सुरू आणि मी वाजलो की सुट्टी. त्या काळचे मॅनेजर फार शिस्तीचे. त्यांनी माझ्या टोल्यांची यादीच लिहून फाटकावर चिकटवली. एक टोला म्हणजे पाण्याचा टँकर आला. दोन टोले म्हणजे चहा. तीन म्हणजे गाडी रिकामी करायला चला. चार म्हणजे शेठ आले, बिड्या विझवा. असं वाढत वाढत नऊपर्यंत गेलं, आणि सगळ्यात शेवटी लिहिलं होतं की सलग टोले म्हणजे आग. मीही तेव्हा मूर्ख होतो. जितका जास्त वाजेन तितका मोठा, असं मला वाटायचं.

एके दिवशी चार वाजता कापसाच्या गंजीला आग लागली. जिनिंगमध्ये कापूस मोकळ्या आवारात टेकडीसारखा रचतात, त्याला गंजी म्हणतात. मुकादम बुधाजी तेव्हा तिशीचा होता. तो धावत आला आणि जीव खाऊन मला हाणू लागला. पहिले दोन टोले ऐकले आणि बायकांनी पदराला हात पुसून चहाचे गिलास उचलले. पुढचे टोले कुणी मोजलेच नाहीत. गिलास घेऊन त्या हसत-बोलत फाटकाकडे आल्या, तेव्हा बुधाजीने मला सोडलं आणि एकटाच गंजीकडे धावला. गंजीच्या पलीकडे कौशल्या नावाची एक मजूर बाई टोपली भरत होती. बुधाजीचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. कौशल्या बाहेर आली नाही.

तेराव्या दिवसानंतर बुधाजी हाताला फडकं बांधून शेठपुढे उभा राहिला. "शेठ, हा रूळ आता फक्त आगीसाठी वाजन. चायसाठी वाजवाचा असन तं मले सुट्टी द्या," असं तो म्हणाला. शेठने यादी स्वतःच्या हाताने फाडली. त्यानंतर सव्वीस वर्षांत मी चार वेळा वाजलो, आणि चारही वेळा माणसं हातातला घास टाकून धावली. मित्रांनो, तेव्हा मला कळलं की माझी खरी किंमत माझ्या गप्प राहण्यात आहे. मी गप्प असलो की आवारातली माणसं बिनघोर काम करायची.

बुधाजीची आणखी एक सवय होती. रोज सकाळी आणि दुपारी एक वाजता तो सदऱ्याची बाही वर करून प्रत्येक गंजीत खांद्यापर्यंत हात घालायचा. ओला कापूस दाबून बसला की आतल्या आत तापतो, बाहेरून मात्र पांढराशुभ्र आणि साळसूद दिसतो. तापलेल्या कापसात एखादी ठिणगी दबून राहिली तर ती दोन-दोन दिवस धुमसते आणि मग वारा लागला की एकदम पेटते. ते हातालाच कळतं. भाजलेल्या डाव्या हाताची कातडी तर त्याला अजून लवकर सांगायची. हे काम त्याने आपल्या मुलीला शिकवलं. प्रियदर्शनी तिचं नाव. अकोल्याला शिकून आली आणि याच जिनिंगमध्ये आवाराची सुपरवायझर झाली. बुधाजी निवृत्त होऊन वलगावात घरी बसला, पण रोज दुपारी एक वाजता तिला फोन करून एकच प्रश्न विचारायचा, हात घातला का. तिने हो म्हटलं की फोन बंद.

आता फाटकाची एक रीत सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. आत जाताना मजुरांना काडीपेटी, बिडी आणि मोबाइल माझ्याखालच्या लाकडी पेटीत ठेवावे लागतात. कापसाच्या कामात ठिणगीचीही भीती आणि दुर्लक्षाचीही. पेटीवर चौकीदार पंजाबराव बसतो. बायका आपल्या चपलाही माझ्याखालीच काढतात, कारण गंजीवर अनवाणी चढायचं, कापसात माती जाऊ द्यायची नाही. मोबाइल आत न्यायची परवानगी फक्त प्रियदर्शनीला आणि ऑफिसच्या माणसांना होती.

दोन वर्षांपूर्वी अकोल्याहून दोन तरुण लॅपटॉप घेऊन आले आणि नवा मुनीम बसवून गेले. मुनीम म्हणजे माणूस नव्हे. कॉम्प्युटरमधली ती नवी अक्कल, जी स्वतःच वाचते, स्वतःच लिहिते, स्वतःच उत्तरं देते. मजुरांनी तिला मुनीम नाव पाडलं. खोटं कशाला बोलू, मुनीम कामाचा होता. गाडी वजनकाट्यावर चढली की कापसात ओल किती ते सांगायचा. एकदा मशीनचं एक बेअरिंग आतून तापलं होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, ते त्याने सांगितलं. मॅनेजर कमलाकांतसाहेब त्या दिवशी इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले.

कमलाकांतसाहेब अमरावतीचे. मन लावून काम करणारे, पण भित्रे. आदल्या हंगामात ओल्या कापसाची एक गाडी नजरेतून सुटली होती आणि मालकांनी त्यांना चारचौघांत बोल लावले होते. तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला, की काहीच सुटायला नको. त्यांनी मुनिमाला सांगून टाकलं की जे जे कळेल ते ते सगळ्यांना कळव. मुनीम कधी थकत नाही. एका ओळीचा निरोप त्याच्याकडे गेला की पानभर होऊन बाहेर यायचा. मग ते पान कुणी वाचेना म्हणून त्याचा सारांश. सकाळचा सारांश, दुपारचा सारांश, संध्याकाळचा सारांश, आणि शनिवारी आठवड्याच्या सारांशांचा सारांश. प्रत्येकाला उत्तर द्यायचंच, म्हणून उत्तरंही मुनीमच लिहून द्यायचा. माणसाने फक्त बोट टेकवायचं. मुनिमाचे निरोप मुनीमच वाचे आणि मुनीमच त्यांना उत्तर देई, आणि मधल्यामध्ये माणसांचे डोळे लाल होत.

आणि ते निरोप मजुरांना कसे मिळत? मजुरांचे मोबाइल तर माझ्याखालच्या पेटीत. चाळीस मोबाइल एकदम थरथरायचे आणि पेटी नुसती कुडकुडल्यासारखी हलायची. पंजाबराव वैतागून झाकण दाबून धरायचा. ऑफिसात बसणाऱ्यांपैकी कुणी फाटकाशी पाच मिनिटं उभं राहिलं नव्हतं, म्हणून वर्षभर हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

या डिसेंबरात लक्षात आलं. कमलाकांतसाहेब गाडी लावता लावता थांबले, पेटीकडे पाहिलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आता एखाद्याने निरोप कमी केले असते. यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. माझ्या अंगाशी एक विजेची हातोडी बसवली, तिची वायर मुनिमाला जोडली. मुनिमाला महत्त्वाचं वाटेल तेव्हा हातोडी पडणार आणि मी वाजणार.

मित्रांनो, त्या दिवशी माझं पाणी पाणी झालं. लोखंडाचं पाणी भट्टीशिवाय होत नाही, पण झालं. फाडलेली यादी पुन्हा कुणीतरी फाटकावर चिकटवली असं मला वाटलं. पहिल्या दिवशी मी वाजलो तेव्हा सगळं आवार धावत आलं. काट्याचा कागद अडकला होता. दुसऱ्यांदा वाजलो तेव्हा निम्मे आले. गाडीला उशीर होणार होता. गाडीतून कापूस उतरवताना धुरळा उडाला तर आवारात लावलेल्या मुनिमाच्या कॅमेऱ्याला तो धूर वाटायचा, की पडली हातोडी. दिवसाला एकोणीस-एकोणीस वेळा मी खोटं बोललो. सव्वीस वर्षं जपलेला माझा शब्द एका आठवड्यात मातीमोल झाला. बायका मान वर करीनाशा झाल्या. शेवटी पंजाबरावाने एक दिवस गोणपाट आणलं, मला आणि हातोडीला चार वेढे दिले आणि सुतळीने गच्च बांधून टाकलं. म्हणाला, डोकं उठलं. कुणी त्याला रागावलं नाही. सगळ्यांना बरंच वाटलं.

गोणपाट विरळ होतं, त्यातून मला आवार दिसत होतं. फक्त तोंड बंद होतं.

प्रियदर्शनीची गत काय सांगू? तिच्या मोबाइलवर दिवसाला तीनशे निरोप यायचे आणि प्रत्येकाखाली प्रश्न असायचा, कृती केली का? त्याला उत्तर देता देता तिची दुपार निघून जायची. आधी तिने सकाळचा हात घालणं सोडलं, मग दुपारचं. एक वाजता बाबांचा फोन आला की ती स्क्रीनवरून नजर न उचलता म्हणायची, हो बाबा. नऊ दिवस ती असं खोटं बोलली. ती आळशी नव्हती, मित्रांनो. सकाळी सगळ्यांआधी यायची आणि शेवटी जायची. पण तिचा हात कापसातून निघून काचेवर गेला होता.

त्यातच अवकाळी पाऊस आला आणि चौथ्या गंजीचं बूड भिजलं.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. सकाळी नऊ वाजता केशरबाई गंजीवर चढली. कापसातला कचरा वेचण्यात तिचे तीस हंगाम गेलेले. ती लगेच खाली उतरली आणि ऑफिसच्या खिडकीशी गेली. ती खिडकी माझ्या समोरच आहे. आत माधवी नावाची क्लार्क बसते. केशरबाईने तिला सांगितलं, "चौथ्या गंजीत पायाले गरम लागून राह्यलं वं. प्रियाले सांगजो." माधवीने कामात कसूर केली नाही. जे ऐकलं ते जसंच्या तसं मुनिमाला दिलं. उठून चार पावलं जाऊन प्रियदर्शनीला तोंडाने सांगावं हे तिला सुचलं नाही, कारण आता तशी पद्धतच राहिली नव्हती.

मुनिमाने दुपारचा सारांश केला. पुढचं मला दिसलं नव्हतं, पण नंतर माझ्याखाली बसून सगळ्यांनी ते इतक्या वेळा सांगितलं की मला पाठ झालं आहे. सारांशात बावन्न मुद्दे होते. काट्याचा कागद अडकतो हे अकरा जणांनी अकरा वेळा कळवलं होतं, म्हणून ते पहिलं. केशरबाईचं बोलणं एकाच बाईने एकदाच सांगितलं होतं, म्हणून ते अडतिसावं. प्रियदर्शनीने पहिले आठ-दहा मुद्दे वाचले, डोळे चोळले आणि खाली मुनिमाने लिहून ठेवलेल्या उत्तरावर बोट टेकवलं. सगळ्या बावन्न मुद्द्यांना एकच उत्तर गेलं. "नोंद घेतली आहे. योग्य ती कार्यवाही सुरू आहे." खाली नाव, प्रियदर्शनी.

माधवीने ते वाचलं आणि खिडकीतून केशरबाईला हाक मारून सांगितलं की मॅडमचं उत्तर आलं, काम सुरू आहे. केशरबाई निवांत झाली. बुधाजीची पोरगी आहे, ती पाहणारच, असं ती बायकांना म्हणाली. आणि त्या सात जणी आपापले डबे घेऊन सावलीला बसायला गेल्या. सावली होती चौथ्या गंजीच्या मागे.

मी ते पाहत होतो. आणि मग मला गंजीच्या माथ्यावर एक बारीक रेघ दिसली. उदबत्तीची असते तेवढीच. आधी मला वाटलं धुरळा असेल. पण धुरळा खाली बसतो, ही रेघ वरच जात होती. मागे सावलीत बसलेल्या बायकांना ती दिसणं शक्य नव्हतं. मी अंगातल्या अंगात थिजलो. कौशल्या टोपली घेऊन गेली होती ती वाट मला आठवली.

मुनिमालाही दिसलं. त्याचा दोष काढू नका, त्याने आपलं काम केलं. हातोडी पडली. धप. धप. गोणपाटात धप्प असा आवाज आला, कुणी गादीवर बुक्की मारावी तसा. खाली पेटीतले चाळीस मोबाइल एकदम थरथरले. प्रियदर्शनीच्या मोबाइलवर तो तीनशेंतला आणखी एक निरोप झाला. पंजाबराव भाकरी खात होता. त्याने पेटीवर एक दगड ठेवला आणि पुन्हा भाकरीकडे वळला. त्याच्यापासून मी हातभर अंतरावर होतो आणि मला त्याला काहीही सांगता येत नव्हतं.

एक वाजला. प्रियदर्शनीचा मोबाइल वाजला. खिडकीतून ती मला दिसत होती. तिने फोन कानाला लावला आणि नेहमीप्रमाणे हो बाबा म्हणाली. पण या वेळी बुधाजीने फोन ठेवला नाही. तो म्हणाला, "तुया आवाज हात घातलेल्याचा नाही येऊन राह्यला, पोरी." तिने मोबाइल टेबलावर ठेवला आणि तशीच उठली. बाहेर येता येता बाही वर केली.

आणि ती पहिल्या गंजीपासून सुरू झाली. मित्रांनो, बापाने शिकवलं होतं तसंच, एक, दोन, तीन, चार. पहिल्या गंजीत तिने सावकाश हात घातला, थांबली, काढला. मला वाटत होतं साखळी तोडून खाली पडावं, निदान त्या आवाजाने तरी तिने मागे वळून पाहावं. दुसरी गंजी. वारा सुटला होता आणि रेघ आता बोटाएवढी जाड झाली होती, पण प्रियदर्शनी ज्या अंगाला होती तिथून ती दिसत नव्हती. तिसरी गंजी. मागून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मग चौथी. तिने खांद्यापर्यंत हात घातला आणि क्षणात ओढून बाहेर काढला. हात कोपरापासून लाल झाला होता. ती माझ्याकडे धावत सुटली.

माझ्यासमोर येऊन ती थबकली. मी गुंडाळलेला आहे हे तिने पाहिलं नव्हतं, की पाहूनही पाहिलं नव्हतं, कोण जाणे. सुतळीची गाठ नखांनी सुटेना तेव्हा ती दातांनी तोडली. गोणपाट ओरबाडून काढलं आणि दांडका उचलून मला हाणायला लागली. सव्वीस वर्षांत वाजलो नव्हतो इतका मी वाजलो. अंगातलं सगळं लोखंड ओरडलं.

जवळचा पंजाबराव सोडला तर कुणी उठलं नाही.

आवारात एका माणसाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मशीनवरच्या मजुराने हात झटकला. गंजीमागून कुणीतरी म्हटलेलं मला ऐकू आलं, पाहा वं, सुरू झाला पुन्हा. बस, तेवढंच. मित्रांनो, मी पुष्कळ आगी पाहिल्या आहेत. पण आपण खरं बोलतोय आणि कुणाचा विश्वास नाही, याच्यासारखी भीती मी पाहिली नाही.

प्रियदर्शनीच्या ते ध्यानात आलं. तिने दांडका फेकला आणि गंजीमागे धावली. एकेकीचं नाव घेऊन तिने हाका मारल्या. नाव ऐकलं की माणूस उठतो. बायका उठल्या, डबे तिथेच टाकून पळाल्या. तोवर गंजीचं एक अंग आतून पोकळ होऊन ढासळलं आणि पेटता कापूस खाली पसरला. केशरबाई सगळ्यात मागे होती. तिने पुढच्या दोघींना ढकलून बाहेर काढलं आणि मग त्या पेटत्या कापसावरून स्वतः चालत आली. पायात चपला नव्हत्या. चपला माझ्याखाली होत्या.

मग वाळूच्या बादल्या आल्या, पाण्याचे पाइप आले, अमरावतीहून बंब आले. दोन गंज्या गेल्या, बाकी वाचलं. सातही जणी जिवंत होत्या. केशरबाईला गाडीची वाट पाहत माझ्याखालच्या बाकावर निजवलं. तिच्या पायांकडे पाहवत नव्हतं. प्रियदर्शनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. केशरबाई रागाने बोलली नाही, फक्त तिला नवल वाटत होतं. ती म्हणाली, "म्या तं सकाळीच सांगतलं होतं, पोरी. तुयं उत्तरबी आलं होतं ना?"

प्रियदर्शनीला काही कळेना. माधवीने आपला मोबाइल पुढे केला. अडतिसावा मुद्दा आणि खाली उत्तर. प्रियदर्शनीने ते दोनदा वाचलं. मग ती म्हणाली, "नाव माझंच आहे, मावशी. पण मी वाचलंच नव्हतं." आणि ती लहान मुलीसारखी रडली.

तीन दिवसांनी सगळे माझ्याखाली जमले. बुधाजीही आला. कमलाकांतसाहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी कुणावर ढकललं नाही. ते म्हणाले, "तो सारांश मीही उघडला नव्हता. आणि सगळ्यांना पाठवा असं मीच सांगितलं होतं." बुधाजीने त्यांना एवढंच विचारलं की साहेब, चौथी गंजी कोणाची होती. गंजी सगळ्यांची होती, निरोपही सगळ्यांना होता.

त्या दिवशी विजेची हातोडी काढली. मुनिमाला काढलं नाही, आणि मला विचाराल तर ते बरोबरच झालं. तो अजूनही ओल मोजतो, बेअरिंग पाहतो. पण आता प्रत्येक गंजीवर एका माणसाच्या नावाची पाटी आहे आणि त्या गंजीचा निरोप त्या एकालाच जातो. बाकीचं मुनीम आपल्यापाशी ठेवतो, कुणी विचारलं तरच सांगतो. माणसाचं बोलणं तो आता आखडत नाही की फुलवत नाही. आग, धूर, गरम असा शब्द कुणी काढला तर मुनिमाकडे जायचंच नाही, चालत जाऊन तोंडाने सांगायचं. आणि नोंद घेतली हे शब्द, जागेवर जाऊन आल्याशिवाय लिहायचे नाहीत.

पण माझं काय? मी पुन्हा गप्प आहे, मोकळा आहे, वाऱ्याने हलतो. तरी मनातली भीती जात नाही. पुढच्या वेळी मी वाजलो तर माणसं धावतील का, हे मला ठाऊक नाही. गेलेला शब्द परत यायला किती वर्षं गप्प राहावं लागतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. रोज दुपारी एक वाजता प्रियदर्शनी गंज्यांकडे जाते तेव्हा ती परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. खांद्यापर्यंत कापसाचे तंतू चिकटलेला हात घेऊन ती फोनवर हो बाबा म्हणते, तेव्हा कुठे मला बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही कामात असा एखादा मुनीम आला असेल, नाहीतर येईल. त्याला हाकलू नका, तो कष्टाळू आहे. पण त्याला सगळं सगळ्यांना सांगायला लावू नका, आणि त्याने लिहिलेल्या उत्तराखाली आपलं नाव जाण्याआधी ज्याचं बोलणं आहे त्याच्यापर्यंत एकदा उठून जा. आणि माझ्यासारखं कुणी तुमच्या दारात टांगलेलं असेल तर त्याला उगाच वाजवू नका. गुंडाळूनही ठेवू नका.

केशरबाई आता फाटकाशी बसते. पेटी तीच सांभाळते. गंजीवरून उतरलेली प्रत्येक बाई आधी तिला सांगून जाते, पायाला काय लागलं ते. तिच्या चपला अजून माझ्याखालीच आहेत. पंजाबराव रोज त्यांच्यावरची धूळ झटकून ठेवतो. तिच्या पायांना अजून चपला चालत नाहीत.